जखमी फौजीचा संसार, नवस आणि देव – भाचीला काय सांगू?

कृष्णाकाठ | १४ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. आज मनातलं सगळं लिहिणार आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय २३. लग्नाला अजून वर्षही झालं नाही. जावई फौजेत, नियंत्रण रेषेवर. तीन आठवड्यांपूर्वी गस्तीवर असताना सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला. सध्या उधमपूरच्या कमांड हॉस्पिटलात आहे, जिवाचा धोका टळलाय. पण इकडं घरात दोन तट पडलेत. बहीण म्हणते, पोरीला थोडे दिवस माहेरी आणू. तिची सासू म्हणते, हिनं पंढरीला अनवाणी चालत जायचा नवस बोलावा, म्हणजे पोरगा पहिल्यासारखा होईल. आणि काल रात्री पोरीनं मला फोन करून विचारलं, "मावशी, देव असता तर असं झालं असतं का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. तसं बघितलं तर आमच्या घरात हे उत्तर देण्याचा हक्क माझ्याइतका कुणाचाच नाही. २००८ साली मी नेमकी त्याच जागी उभी होते.

आमचा सातारा जिल्हा. घरटी एक फौजी म्हणतात, ते खोटं नाही. इथलं अपशिंगे मिलिटरी हे गाव तर पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं. अशा मुलखात वीरपत्नीशी कसं बोलायचं हे लोकांना ठाऊक असतं, तिला मान असतो. पण जिवंत आलेल्या, आणि अर्धा आलेल्या माणसाच्या बायकोशी काय बोलायचं हे कुणालाच कळत नाही. मग लोक "जीव वाचला हे काय कमी आहे" असं म्हणतात आणि चहा पिऊन उठतात.

ऑगस्टचा महिना होता. हे मराठा लाइट इन्फंट्रीत, पोस्टिंग कुपवाडा भागात. तिकडं पावसानं, बर्फानं सुरुंग जागचे सरकतात. नकाशात जिथं नाही तिथं निघतात. यांचं तसंच झालं. हेलिकॉप्टरनं आधी श्रीनगर, मग उधमपूर. मी आणि भावजी पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं जम्मूला गेलो. त्या प्रवासात मी पाच देवांना पाच नवस बोलले. खंडोबा, काळूबाई, विठोबा, गावची जोतिबाची काठी, आणि वाटेत कुठल्याशा स्टेशनाबाहेर एक देऊळ दिसलं, देव कुठला तेही माहीत नव्हतं, त्यालाही. वॉर्डात पोचले तर यांनी भिंतीकडं तोंड केलं. म्हणाले, "तू कशाला आलीस?"

आठ दिवसांत जखम चिघळली. दुसरं ऑपरेशन झालं आणि गुडघाही गेला. त्या ऑपरेशनला नेताना सिस्टरनं यांच्या गळ्यातली तुळशीची माळ काढली आणि कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिली. शुद्धीवर आल्यावर मी ती पुढं केली तर हे म्हणाले, "राहू दे तुझ्याकडंच." ती पुडी पुढं सहा वर्षं माझ्या मसाल्याच्या डब्यामागं होती. टाकवतही नव्हती आणि पुन्हा विचारायचा धीरही होत नव्हता.

मग पुण्याला कृत्रिम अवयव केंद्रात आलो. १९४४ पासूनची ही फौजेची संस्था. तिथं पाय नसलेली माणसं व्हरांड्यात गप्पा मारत बसलेली बघितली आणि मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. पण चार महिने यांनी मला उरलेला पाय बघू दिला नाही. पट्टी बदलायची वेळ झाली की मला औषध आणायला पाठवायचे. मी २२ वर्षांची. मला वाटायचं, मी यांना परकी झालेय.

रात्रीची गोष्ट वेगळी. रात्री दोन-अडीचला नसलेल्या पायाची बोटं मुरगळायची. अंगठा कुणीतरी पिळतंय म्हणायचे, घामानं उशी ओली व्हायची. एका रात्री कळवळून म्हणाले, "बोटं दाब गं." मी काय दाबणार? जिथं पाऊल असतं तिथं नुसती चादर. मी चादरीवरच हात ठेवला आणि पाऊल आहे असं समजून एकेक बोट चोळल्यासारखं करत राहिले. वेड लागल्यासारखं वाटत होतं. पण हे झोपले. त्यानंतर कितीतरी रात्री मी ती रिकामी चादर चोळली आहे. आमचा संसार खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला असं मला वाटतं.

घरी आल्यावर वेगळाच पेच. नकली पायाला बूट असतो, आणि पायाचा तोल त्या बुटाच्या टाचेच्या उंचीवर बसवलेला असतो. बूट काढला की माणूस मागं कलतो. आमच्या सासूबाई सोवळ्याच्या कडक, उंबऱ्याच्या आत चप्पल कधी आली नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पण बघायच्या. यांना ते कळायचं. मग हे ओसरीवरच बसायला लागले, जेवणही तिथंच. देवघराकडं पाठ. आषाढीला गावातली सगळी पंढरपूरला निघाली तेव्हा मी म्हटलं, गाडीनं जाऊन येऊ. तर म्हणाले, "तो विटेवर दोन्ही पाय सारखे जुळवून उभा आहे. मी काय बघायला जाऊ तिथं?" मला याचं उत्तर आजही सुचलेलं नाही.

आणि मग २००९ ची खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी औजारांची पूजा असते. विळा, कुदळ, कोयता, नांगराचा फाळ, सगळं धुऊन पाटावर मांडतात. सकाळी हे अंघोळीला गेले होते, पाय खाटेला टेकवून ठेवलेला. सासूबाईंनी तो उचलला. ओल्या फडक्यानं पुसला, बूट काढला नाही, बुटासकट पाटावर आडवा ठेवला, विळ्या-कोयत्याच्या शेजारी. हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता टाकल्या. हे कुबड्यांवर बाहेर आले आणि दारातच थांबले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ह्येच्यावरच तर घर चालायचंय आता." हे खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. जखमी झाल्यापासून पहिल्यांदा. मी कपाळाला कुंकू लावलं तर नको म्हणाले नाहीत.

त्या दिवसानंतर सगळं छान झालं असं नाही. माळ घातली ती २०१४ साली, तीही स्वतःहून, मला न विचारता. मधली वर्षं भांडणांची होती, दारूचीही होती काही महिने. पण एक गोष्ट मला त्या दिवशी कळली आणि तीच मला भाचीला सांगायची आहे. मी "यांना पहिल्यासारखं कर" असे नवस बोलत होते तोवर यांना वाटत होतं, ही पहिल्या नवऱ्याची वाट बघतेय, मी मधेच आलेला कुणीतरी आहे. सासूबाईंनी देवापुढं काहीच मागितलं नाही. जो पाय घरात आला होता त्याचीच पूजा केली.

पण २३ वर्षांच्या पोरीला हे फोनवर कसं सांगायचं? आणि तिच्या सासूचं मन न मोडता? तुमच्यापैकी कुणी या वाटेनं गेलं असेल तर लिहा.

माणदेशी_मनोज | १४ जून, रात्री ११:३५

ताई, दोनदा वाचलं. तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा.

भाचीच्या मिस्टरांना मुरलीकांत पेटकरांबद्दल जरूर सांगा. आपल्या सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं, आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक आणलं. २०१८ ला पद्मश्री मिळाली. मेजर जनरल इयान कार्डोझोंनी १९७१ च्या युद्धात स्वतःचा चिरडलेला पाय खुकरीनं कापला आणि पुढं पलटणीचं नेतृत्व केलं. उमेद येते वाचून.

कृष्णाकाठ | १५ जून, सकाळी ७:१०

मनोजदादा, सासूबाई २०१९ ला गेल्या. नमस्कार पोचला असेल.

पेटकर साहेबांबद्दल आम्हाला अभिमान आहे, आणि जावयाला सांगूही. पण पहिल्या महिन्यात नको असं मला वाटतं. यांना भेटायला येणारा प्रत्येक जण कार्डोझो साहेबांची गोष्ट सांगायचा. माणूस गेला की हे म्हणायचे, "मला संडासला एकट्याला जाता येत नाही आणि हा मला पलटण चालवायला सांगतोय." ज्याच्या त्याच्या वेळेला ती गोष्ट कामी येते.

वसईची_सिस्टर | १५ जून, दुपारी ३:२०

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झाले. कॅथलिक आहे, रोज रोझरी म्हणते, म्हणून माझं बोलणं त्या अंगानं येईल.

ती माळ काढून पुडीत बांधायचं काम आम्हीच करायचो. माळ, ताईत, कडं, क्रूस, जानवं, जे असेल ते. नाव लिहून ठेवायचो, कारण शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न पायाचा नसतो, पुष्कळदा त्या वस्तूचा असतो. आणि काही जण तुमच्या मिस्टरांसारखे, परत घेत नाहीत. आम्हाला शिकवलं होतं की तेव्हा आग्रह करायचा नाही. ते देवावर रागावलेले असतात, आणि ज्याच्याशी नातंच नाही त्याच्यावर माणूस रागावत नाही.

फौजेच्या ठाण्यात सर्वधर्मस्थळ असतं हे इथं अनेकांना माहीत नसेल. एकाच छपराखाली मूर्ती, ग्रंथसाहिब, क्रूस, कुराण. मी रात्रपाळी संपवून तिथं पाच मिनिटं बसायचे. शेजारी कुणाची तरी बायको बसलेली असायची, बहुतेक वेळा पदरात डबा. आम्ही एकमेकींची प्रार्थना ऐकायचो, भाषा कळायची नाही.

भाचीला माझ्याकडून दोन गोष्टी सांगा. माहेरी जावंसं वाटलं तर चार दिवस जाऊ दे, त्यात काही पाप नाही, झोप तरी होईल. पण न सांगता जाऊ नको आणि परत यायचा दिवस सांगून जा. त्याला तो दिवस मोजता आला पाहिजे. दुसरं, वॉर्डात भांडण झालं तर घाबरू नको. भांडणारी जोडपी मी घरी जाताना पाहिली आहेत. मला भीती वाटायची ती फार गोड बोलणाऱ्यांची, जे एकमेकांपासून सगळं लपवत असायचे.

फिजिओताई | १५ जून, रात्री ९:०५

कृष्णाकाठ, तुम्ही चादर चोळत होता ते वेड नव्हतं. पाय गेला तरी मेंदूतली पायाची जागा शाबूत असते, ती हाका मारत राहते. मेंदूतज्ज्ञ डॉ. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशाचा उपाय पुढं आणला. दोन पायांच्या मधे आरसा असा धरायचा की चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल, मग चांगल्या पायाची बोटं हळूहळू हलवायची. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण पुष्कळांची कळ कमी होते. भाचीच्या मिस्टरांना फिजिओ तिथं सांगतीलच, नाही सांगितलं तर विचारा.

गुडघा वाचला आहे ही मोठी गोष्ट आहे. गुडघ्याच्या वर गेलेल्या माणसाला चालायला कितीतरी जास्त दम लागतो. तो गुडघा जपायचा आहे, म्हणून एक अगदी घरगुती गोष्ट सांगते. उरलेल्या पायाखाली उशी ठेवू नका. आया-सासवा मायेनं ठेवतात, पेशंटलाही बरं वाटतं, आणि सांधा वाकलेलाच राहतो. मग पाय बसवायला महिने जातात. पाय सरळ, आणि दिवसातून थोडा वेळ पालथं झोपायचं.

पट्टी बांधायला बायकोनं शिकून घ्यावं. आठाच्या आकड्यासारखी, टोकाला घट्ट आणि वर सैल होत जाणारी. नुसती गोल गोल गुंडाळायची नाही, त्यानं रक्त अडतं. पहिल्या दिवशी हात थरथरतात, चालतं.

ठाम_मत | १६ जून, सकाळी १०:४५

मी देव मानत नाही, तरी सगळं मनापासून वाचलं. भाचीचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचं प्रामाणिक उत्तर द्यावं. सुरुंग माणसानं पेरला, पावसानं सरकवला. त्यात देवाची परीक्षा वगैरे काही नाही. "देवानं तुला निवडलं" असं तिला कुणी सांगत असेल तर ते क्रूर आहे. अनवाणी चालून त्याचा पाय येणार नाही, तिचे मात्र सोलून निघतील, आणि त्याच वेळी तिची गरज उधमपूरला आहे.

कृष्णाकाठ | १६ जून, दुपारी १:३०

तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी शंभर टक्के सहमत, आणि मी माळकरी घरातली आहे. "देवाची परीक्षा" हे शब्द मलाही कुणीतरी सुनावले होते, आजही टोचतात. देव आहे की नाही हे मी कुणाला पटवू शकत नाही. मला एवढं माहीत आहे की संध्याकाळी दिवा लावून हात जोडते तेव्हा मी त्या दिवसाची दमणूक खाली ठेवते, आणि मग यांच्याशी नीट बोलू शकते. हे दिव्याजवळ येत नव्हते त्या वर्षांतही मी दिवा यांच्या खाटेवरून दिसेल असा ठेवायचे. या म्हणून कधी म्हटलं नाही.

विहारवाट | १६ जून, रात्री ८:१५

माझे वडील महार रेजिमेंटचे. १९८८ ला श्रीलंकेत शांतिसेनेत होते, मणक्यात छर्रे गेले. मी चार वर्षांचा होतो. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ साली सुरू झालेलं. तिथं त्यांची बरीच वर्षं गेली. कमरेखालचं अंग कायमचं गेलेले जवान तिथं राहतात. तोंडात ब्रश धरून चित्रं काढणारे काका मी लहानपणी पाहिलेत, चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळणारेही.

आमच्या घरात देव नाही, बुद्ध-बाबासाहेब आहेत. आई रविवारी खडकीला यायची तेव्हा दोघं बाकाशेजारी त्रिसरण-पंचशील म्हणायचे. नवस नाही, मागणं नाही. मी मोठा झाल्यावर आईला विचारलं, तुला कधी सोडून जावंसं वाटलं नाही का? म्हणाली, "पुष्कळदा. मी रोज सकाळी ठरवायचे, आजचा दिवस राहते. उद्याचं उद्या." आईचं हे वाक्य तुमच्या भाचीपर्यंत पोचवा. आयुष्यभराचं वचन त्या वॉर्डात बसून देववत नाही, कुणी मागूही नये. आईचे असे एकेक दिवस जोडून ३१ वर्षं झाली. रात्री दर दोन तासांनी गजर लावून उठायची, वडिलांची कूस बदलायला, जखमा होऊ नयेत म्हणून. वडील गेल्यावरही तिला दोनला जाग यायची, अजून येते.

एकटीची_वाट | १७ जून, रात्री १२:२०

मी हा धागा तीन दिवस वाचतेय आणि लिहू की नको असं होतंय.

माझ्या मिस्टरांना डोक्याला मार लागला होता, स्फोटातच. हातपाय शाबूत. बाहेरून बघणारे म्हणायचे, काही झालंच नाही. पण घरी आला तो माणूस वेगळा होता. आवाज सहन व्हायचा नाही, मूल रडलं की हात उगारायचा. दोन मिनिटांपूर्वीचं विसरायचा आणि मी खोटं बोलते म्हणायचा. मी सात वर्षं काढली. उपास केले, पारायणं केली, डॉक्टर केले. मुलाला लागलं त्या दिवशी मी निघाले. त्यांचे उपचार चालू आहेत, भाऊ सांभाळतो, मी पैसे पाठवते. माहेरच्या गावात मला "जखमी फौजीला टाकून आलेली" म्हणतात. देवळात जायचं मी सोडलं. देवावर राग नाही, तिथल्या बायकांच्या नजरा नको वाटतात.

तुमच्या गोष्टी वाचून आनंद होतो. फक्त, टिकलेल्या संसारांमागं श्रद्धा होती असं कुणी लिहू नका. श्रद्धा माझ्याकडंही होती.

कृष्णाकाठ | १७ जून, सकाळी ६:४०

तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. मी वर लिहिलेलं पुन्हा वाचलं, त्यात असा अर्थ कुठं निघत असेल तर माझी चूक आहे, माफ करा.

माझ्या यांचा पाय गेला, माणूस राहिला. तुमचा माणूसच गेला आणि अंग राहिलं. ही दोन दुःखं एका तराजूत घालता येत नाहीत. तुम्ही मुलाला वाचवलंत आणि अजून पैसे पाठवता. याला टाकून येणं म्हणत नाहीत. आमच्या गावच्या देवळात या कधीतरी, माझ्याबरोबर. नजरा मी बघून घेईन.

वसईची_सिस्टर | १७ जून, सकाळी ९:००

एकटीची_वाट, डोक्याच्या जखमेतून माणसाचा स्वभाव पालटतो, हा आजारच आहे, आणि त्यात घरच्यांनी मार खात राहावं असं कुठलाही धर्म सांगत नाही. तुमच्यासाठी आज प्रार्थना केली. चालेल ना?

एकटीची_वाट | १७ जून, रात्री ११:५०

चालेल सिस्टर. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्यासाठी केली.

जुनी_पलटण | १८ जून, सकाळी ८:३०

जय हिंद. मी निवृत्त सुभेदार. भावनेचं तुम्ही सगळ्यांनी लिहिलंत, मी कागदांचं लिहितो, कारण घरातली निम्मी भांडणं कागद अडल्यानं होतात.

आत्ताच, पलटणीशी संपर्क ताजा आहे तोवर, इंजुरी रिपोर्टची प्रत मागून घ्या. 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे युद्धजखमी, म्हणून नोंद झाली आहे का ते स्पष्ट विचारा. निवृत्तीनंतर शंभर टक्के अपंगत्वाला साधा अपंगत्व घटक शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के मिळतो, युद्धजखमेचा ६० टक्के. एका शब्दानं आयुष्यभराचा फरक पडतो. टक्केवारी वरच्या टप्प्याला धरायचा नियम आपल्याला लागतो का, तेही विचारा.

घाईनं बोर्ड आउट, म्हणजे वैद्यकीय कारणानं नोकरीतून सुटका, मागू नका. पाय गेला म्हणजे नोकरी गेली असं नाही. शेल्टर्ड अपॉइंटमेंटवर ठेवतात, स्टोअर, ऑफिस, ट्रेनिंगचं काम देतात. नियमित भरतीच्या जवानाला १५ वर्षं पुरी झाली की सर्व्हिस पेन्शन बसते. बँकेचं खातं जॉइंट आहे का, नॉमिनी कोण, हेही बघा. हे बायकोनं विचारायला लाजू नये. आणि प्रत्येक कागदाच्या दोन प्रती ठेवा. माझी एक फाइल एका कार्यालयात गहाळ झाली होती, दुसरी प्रत होती म्हणून वाचलो.

कृष्णाकाठ | १८ जून, रात्री १०:१५

राम राम. मी कृष्णाकाठचा मिस्टर. हिच्याच आयडीवरून लिहितोय. हिनं चार दिवसांत सगळं वाचून दाखवलं. टायपिंगला वेळ लागला.

जावयाशी आज बोललो फोनवर. त्यानंपण पोरीला सांगितलंय, तू माहेरी जा, तुझं वय काय. मी त्याला म्हटलं, गड्या, हे मीपण सांगितलं होतं, एकदा नाही, धा वेळा. मला वाटायचं मी हिला मोकळं करतोय. खरं सांगायचं तर मी बघत होतो, ही खरंच जातेय का. बायकोला असं ताणून बघू नये. तिला सरळ सांगावं, मला भीती वाटतेय. तेवढे शब्द तोंडातून यायला मला तीन वर्षं लागली.

दुसरं देवाचं. आमच्या पलटणीचे धर्मगुरू, पंडितजी आम्ही म्हणायचो, रजेवर जाताना वाट वाकडी करून उधमपूरला आले. मला वाटलं आता गीता सांगणार. एक शब्द देवाचा काढला नाही. दाढी वाढली होती माझी. पाणी आणलं, साबण लावला, दाढी करून दिली. आरसा दाखवला. निघताना म्हणाले, "रविवारच्या मंदिर परेडला तुझं नाव घेतो आम्ही." बास. पाच महिन्यांनी कुणीतरी माझं तोंड मला दाखवलं... पाच आठवड्यांनी म्हणायचं होतं. पुढं माळ घातली तेव्हा तेच आठवलं होतं.

पंढरपूरला गेलो २०१५ ला. तिथल्या पायऱ्यांना बूट काढावा लागला. पुण्याच्या केंद्रातल्या एका कारागिरानं टाचेखाली ठेवायला रबराचा तुकडा कापून दिला होता, वर पायमोजा. त्यानं तोल राहिला. पायावर डोकं ठेवलं. काय वाटलं ते लिहिता येत नाही मला. ही रडत होती, मागची माणसं ढकलत होती.

फिजिओताई | १८ जून, रात्री १०:५०

काका, तो रबराचा तुकडा मी आता प्रत्येक पेशंटला सांगणार आहे. देवळात जायचं राहून गेलेले किती तरी जण आहेत.

जुनी_पलटण | १९ जून, सकाळी ६:००

बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय. तुमच्या पंडितजींसारखे आमच्याकडंही एक होते.

कृष्णाकाठ | २१ सप्टेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढते. बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं, म्हणून सांगते.

भाची माहेरी आली होती, सहा दिवस. सिस्टरनी सांगितल्याप्रमाणं परतीचा दिवस सांगून आली आणि त्याच दिवशी गेली. तिच्या सासूशी मी बोलले. नवस मोडायला मला जमलं नाही आणि मोडावासाही वाटला नाही. त्या स्वतःच वारीला गेल्या, चप्पल घालून, आणि पोरीला उधमपूरला पाठवलं. परत आल्या त्या बुक्का आणि तुळशीची माळ घेऊन. जावयानं माळ घेतली नाही. सासूबाईंनी पुडीत बांधून सुनेकडं दिली. तिनं मला विचारलं, आता ही कुठं ठेवू? मी मसाल्याच्या डब्याची जागा सांगितली.

जुलैअखेर पुण्याला आले. पट्टी तीच बांधते, पहिल्या दिवशी हात थरथरलेच. आरशाचा गुण आला थोडा. कागद सुभेदार साहेबांनी सांगितल्याप्रमाणं केले, नोंद बरोबर झाली आहे. भांडणंही झाली, एकदा तर ती रडत व्हरांड्यात येऊन बसली तेव्हा शेजारच्या खोलीतल्या एका पंजाबी ताईनं तिला न विचारता पराठा दिला.

एकटीची_वाट गौरीला आमच्याकडं येऊन गेल्या, मुलाला घेऊन. त्यांनी लिहायला परवानगी दिली म्हणून लिहितेय. देवळात आम्ही दोघी गेलो.

देवाचं उत्तर मी भाचीला अजून दिलेलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. परवा पाय मिळाला. आज सकाळी तिचा निरोप आला, "मावशी, ते कॅलेंडर आहे का तुझ्याजवळ? खंडेनवमी कधी आहे यंदा?"

फिजिओताई | २१ सप्टेंबर, रात्री ९:५०

तिला सांगा, हळद-कुंकू बाहेरूनच लावायचं. सॉकेटच्या, म्हणजे उरलेला पाय बसतो त्या खोबणीच्या, आत जाऊ द्यायचं नाही, कातडी अजून नाजूक आहे. आणि ओल्या फडक्यानं पुसलं तर घालायच्या आधी पूर्ण कोरडा करायचा.